भावनाविषयक धारणा आणि मानसिक स्वास्थ्य : नागपूरच्या मारबतीच्या संदर्भात

व्यक्तीला प्रत्यक्ष जे वाटते आणि जे वाटावे अशी तिची इच्छा असते, त्यांत अंतर असते. जीन त्साई व सहकाऱ्यांनी २००६ मध्ये मांडलेल्या सिद्धान्तानुसार ही इष्ट भावनावस्था मुख्यतः संस्कृती घडविते. या अंतराचा नैराश्याशी संबंधही त्यांना आढळला.

आपल्याकडे राग व दुःख गिळणे हे संयमाचे लक्षण मानले जाते. तथापि नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणारी काळ्या व पिवळ्या मारबतीची मिरवणूक निराळी धारणा दर्शविते. रोगराई व इडापिडा घेऊन जाण्याचे मारबतीस आवाहन केले जाते. बडग्यांतून महागाई, भ्रष्टाचार यांविषयीचा रोष प्रकट होतो आणि अखेरीस पुतळ्यांचे दहन होते.

हा केवळ रागाचा निचरा म्हणता येणार नाही. ब्रॅड बुशमन यांच्या २००२ मधील प्रयोगात, राग आणणाऱ्याचे चिंतन करीत ठोसे मारणाऱ्यांचा राग वाढलेलाच दिसला. मारबतीचे मोल बहुधा अन्यत्र आहे. येथे पीडा एकट्याचा दोष न राहता सर्वांची ठरते. तिला नाव, रूप व शेवट लाभतो.

विद्यार्थ्याच्या उदासीनतेस ‘मनाचा दुबळेपणा’ समजणाऱ्या प्राध्यापकांनी हे ध्यानी घ्यावे. भावना नाकारण्यापेक्षा ती व्यक्त करण्यास अवकाश देणे अधिक हितावह होय.