पोषणसंवेदनशील शेती

पोषणसंवेदनशील शेती म्हणजे जमीन, पाणी व जैवविविधता यांचे जतन करत असतानाच शेतकरी कुटुंबाच्या आणि समाजाच्या आहाराची गुणवत्ता वाढवण्याच्या उद्देशाने केलेली शेती होय. या पद्धतीत एकरी उत्पादनाबरोबरच शेतातून वर्षभर किती प्रकारचे अन्न मिळते, हाही यशाचा निकष मानला जातो.

पार्श्वभूमी

१९६० च्या दशकात सुरू झालेल्या हरितक्रांतीमुळे भारतात गहू व तांदूळ यांचे उत्पादन वाढले आणि धान्यटंचाई कमी झाली. मात्र पोटभर धान्य म्हणजे पुरेसे पोषण नव्हे. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९–२१) महाराष्ट्रात पाच वर्षांखालील ३५.२ टक्के बालकांची उंची वयाच्या मानाने कमी होती, तर १५ ते ४९ वर्षे वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता. विदर्भात ज्वारीचे क्षेत्र घटून सोयाबीनचे वाढले. नगदी पिकाचा पैसा बियाणे, कर्जफेड व औषधोपचार यांवर खर्च होतो. त्यामुळे पूर्वी घरच्या शेतातून येणारी डाळ व भाजी बाजारातून विकत घेतली जाईलच, असे नाही.

स्वरूप

मिश्रपीक: ज्वारी किंवा बाजरीत तूर, मूग, मटकी यांसारखी कडधान्ये घेतली जातात. कडधान्यांच्या मुळांवरील गाठींतील रायझोबियम जिवाणू हवेतील नत्र स्थिर करतात व जमिनीचा कस राखण्यास मदत होते. हीच पिके आहारातही परस्परपूरक ठरतात. तृणधान्यांत लायसीन हे अमिनो आम्ल कमी असते, तर डाळींत मेथिओनीन कमी असते; भाकरी व आमटी एकत्र खाल्ल्याने दोन्हींची उणीव भरून निघते.

भरडधान्ये: ही पिके कमी पाण्यावर व हलक्या जमिनीतही येतात. १०० ग्रॅम नाचणीत ३०० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते. अधिक लोह असलेला बाजरीचा ‘धनशक्ती’ हा वाण महाराष्ट्रात २०१२ मध्ये प्रसारित झाला.

परसबाग व पशुपालन: शेवगा, अळू, लाल भोपळा, पपई इत्यादींपासून जीवनसत्त्वे मिळतात. कोंबड्या व शेळ्यांपासून अंडी, दूध आणि खत मिळते.

महाराष्ट्रातील उदाहरणे

एम. एस. स्वामिनाथन संशोधन प्रतिष्ठानाने वर्धा जिल्ह्यात व ओडिशातील कोरापुट जिल्ह्यात पीकबदल, पोषणबागा आणि पोषणशिक्षण यांची सांगड घालणारा अभ्यास केला. अकोले तालुक्यातील कोंभाळणे येथील राहीबाई पोपेरे यांनी भात, वाल, घेवडा व रानभाज्या यांच्या गावरान बियाण्यांचे जतन केले असून त्यांना २०२० चा पद्मश्री पुरस्कार जाहीर झाला.

मर्यादा

शेतात पिकलेले सर्वच अन्न घरातील प्रत्येकाच्या ताटात पोहोचत नाही. घरात शेवटी जेवणाऱ्या स्त्रीच्या वाट्याला डाळ व भाजी कमी येते. वनस्पतिजन्य लोह शरीरात कमी प्रमाणात शोषले जाते. मोड आणणे, आंबवणे व लिंबासारखी ‘क’ जीवनसत्त्वयुक्त फळे सोबत घेणे यांमुळे शोषण सुधारते, तर जेवणाबरोबर घेतलेल्या चहामुळे ते घटते. दूषित पाण्यामुळे वारंवार अतिसार होत असल्यास चांगल्या आहाराचाही लाभ पुरेसा मिळत नाही. परसबागेचे काम केवळ स्त्रियांवर पडल्यास त्यांचे श्रम वाढतात. त्यामुळे शुद्ध पाणी, आरोग्यसेवा, भरडधान्यांची हमीभावाने खरेदी आणि कामाची व अन्नाची घरातील न्याय्य वाटणी यांची जोड या शेतीला आवश्यक ठरते.