मोटर नदीवर, अंदाज हातात: ‘फोर्स फीडबॅक’मध्ये आपला धंदा कुठे आहे?

या वेळचा विषय ऐकायला मोठा आहे: इंटरनेटवरून रोबोट चालवायचा आणि तिकडे त्याला लागलेला जोर इकडे आपल्या हाताला जाणवायचा. यालाच फोर्स फीडबॅक म्हणतात. “पाटणमध्ये याचं काय काम?” असं म्हणू नका, शेवटपर्यंत वाचा.

आधी तत्त्व. किरणोत्सारी वस्तूला हात लावता येत नाही. म्हणून अमेरिकेच्या आर्गोन प्रयोगशाळेत रेमंड गोर्ट्झ यांनी 1950 च्या दशकात विजेवर चालणारे यांत्रिक हात बनवले. पलीकडे पकड आवळली की अलीकडच्या माणसाला दाब कळायचा. आपल्या ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातही जाड भिंतीपलीकडची कामं यांत्रिक हातांनीच होतात.

इंटरनेटवर अडचण येते ती उशिराची. स्पर्श खरा वाटायला सेकंदाला साधारण 1000 वेळा माहिती यावी-जावी लागते. निरोप उशिरा आला, तर रोबोट भिंतीला टेकलाय हे कळेपर्यंत आपण दाबतच राहतो.

आता कोयनाकाठी या. मोटर नदीवर, घर लांब, लाईट रात्रीची, वाटेत बिबट्याची भीती. पुण्याचे इंजिनिअर संतोष ओस्तवाल यांनी यावरच ‘नॅनो गणेश’ काढलं, म्हणजे मोबाईलवरून पंप चालू-बंद. 2009 मध्ये त्याला नोकियाच्या स्पर्धेत बक्षीस मिळालं. आज असे मोबाईल स्टार्टर अनेक कंपन्यांचे मिळतात.

पण बघा, मोटर चालू करणं सोपं आहे. खरी किंमत आहे उलट येणाऱ्या निरोपाची. पाणी तुटून मोटर कोरडी चालली की अँपिअर उतरतो, जाम झाली की चढतो. हाच तिचा ‘जोर’. चांगला स्टार्टर हे ओळखून मोटर तिथल्या तिथे बंद करतो, मग तुम्हाला कळवतो. रेंज गेली तरी मोटर वाचते.

मग धंदा कुठे? डबा ऑनलाईन कुणीही मागवतो, त्यात मार्जिन थोडं. पैसा सेवेत आहे:

1. बसवण्याआधी मोटरीजवळ कोणत्या सिमला रेंज आहे ते तपासणं.
2. त्या मोटरीप्रमाणे अँपिअरचं सेटिंग आणि नीट अर्थिंग. थ्री फेजचं काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या.
3. सिमच्या रिचार्जची आठवण आणि वर्षाचा देखभाल करार.

दुसरी शाखा काढणाऱ्यांनाही हाच नियम. फोनवरून फक्त हुकूम सोडू नका. रोजचा गल्ला, परत आलेला माल, रिकाम्या हाताने गेलेलं गिऱ्हाईक हे तुमच्यापर्यंत आलं पाहिजे. आणि नुकसान होताना थांबवायचा अधिकार तिथल्या माणसाला द्या; तुमच्या फोनची वाट बघण्यात मोटर जळते.

या आठवड्याचा गृहपाठ: दहा पंपवाल्यांना भेटा. काही विकू नका, फक्त विचारा, “दादा, गेल्या वर्षी मोटर किती वेळा जळाली? रिवाइंडिंगला किती गेले?” आकडे वहीत लिहा. तुमच्या सेवेचा दर त्यातूनच ठरेल.