कॅराव्हॅनमधील अंतर्गत एलईडी दिवे

कॅराव्हॅन, कॅम्पर व्हॅन किंवा मुक्कामासाठी सजवलेल्या अन्य वाहनाच्या आतील तापदीप्त (तंतूचे), हॅलोजन अथवा ट्यूब दिवे काढून त्यांच्या जागी प्रकाश उत्सर्जक डायोडचे, म्हणजेच एलईडी दिवे बसवणे हा अशा वाहनांत केला जाणारा एक सोपा व उपयुक्त बदल होय. घरातील दिवा बदलल्याने वीजबिल कमी होते. थांबलेल्या वाहनातील दिवा बदलल्याने बॅटरी वाचते. या दोन गोष्टींत मोठा फरक आहे. घरातील वीज बाहेरून अखंड येत असते, तर उभ्या वाहनात एका पेटीत साठवलेली तेवढीच वीज असते आणि बहुतेकदा तीच वीज सकाळी इंजिन सुरू करण्यासाठी लागणार असते.

पार्श्वभूमी

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण जाहीर केले. वाहनातच झोपण्याची, स्वयंपाकाची व स्वच्छतेची सोय असलेल्या कॅराव्हॅन आणि त्या उभ्या करण्यासाठी पाणी व वीज यांची व्यवस्था असलेले कॅराव्हॅन पार्क, अशी त्याची दोन अंगे आहेत. सातारा जिल्ह्यातील महाबळेश्वर, पाचगणी, कास पठार, कोयनेच्या शिवसागर जलाशयाकाठची तापोळा व बामणोली ही गावे, तसेच सांगली जिल्ह्यातील चांदोली व सागरेश्वरचा परिसर अशा प्रवासाला अनुकूल मानला जातो. मात्र वीजजोडणी असलेले पार्क सर्वत्र नसल्यामुळे घाटमाथ्यावरील मुक्काम अनेकदा वाहनाच्या बॅटरीवरच निभवावा लागतो.

वाहनात राहणे ही कल्पना या भागाला तशी नवी नाही. आषाढी वारीत संत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी नीरा नदी ओलांडून सातारा जिल्ह्यात येते आणि लोणंद, तरडगाव, फलटण, बरड असे मुक्काम करीत पुढे जाते. दिंड्यांबरोबर तंबू, भांडी व शिधा वाहून नेणारे ट्रक व टेंपो असतात, आणि रात्री त्या वाहनांच्या आत व आजूबाजूला उजेड लागतोच. यात्रा-जत्रांचा हंगाम करणाऱ्या तमाशा फडांच्या गाड्यांचीही हीच गरज. यांना कोणी कॅराव्हॅन म्हणत नाही, परंतु पुढे दिलेला विजेचा हिशेब त्यांनाही जसाच्या तसा लागू पडतो.

विजेचा हिशेब

तापदीप्त दिव्यात धातूची बारीक तार तापवून उजेड मिळवला जातो. त्याला दिलेल्या विजेचा ९० टक्क्यांहून अधिक भाग उष्णतेच्या रूपाने निघून जातो. अशा दिव्यापासून दर वॅटला साधारण १० ते १५ ल्यूमेन, तर हॅलोजनपासून १५ ते २० ल्यूमेन प्रकाश मिळतो. चांगला एलईडी दिवा दर वॅटला ८० ते १२० ल्यूमेन देतो. म्हणून १० वॅटच्या लहान हॅलोजन दिव्याचे काम दीड ते दोन वॅटचा एलईडी दिवा करू शकतो.

एखाद्या मध्यम आकाराच्या कॅराव्हॅनमध्ये १० वॅटचे ८ हॅलोजन दिवे आहेत आणि ते संध्याकाळी ५ तास चालतात, असे समजू. एकूण ऊर्जा ४०० वॅट-तास, म्हणजे १२ व्होल्टच्या बॅटरीतून सुमारे ३३ अँपिअर-तास खर्च होते. मुक्कामासाठी १०० अँपिअर-तासांची शिसे-आम्ल बॅटरी असेल, तर ती अर्ध्याहून अधिक रिकामी करू नये असा संकेत आहे. वारंवार खोलवर रिकामी केल्यास तिचे आयुष्य झपाट्याने घटते. म्हणजे वापरण्याजोगे ५० अँपिअर-तास. त्यातून २ अँपिअर घेणारा पंखा रात्रभर ८ तास चालला, की आणखी १६ गेले. पाण्याचा पंप आणि मोबाइलची चार्जिंग अजून धरलेलीच नाही, तरी मर्यादा संपली. याच ८ जागी २ वॅटचे एलईडी दिवे असतील, तर दिव्यांचा खर्च ३३ वरून ७ अँपिअर-तासांच्या आत येतो. वाचलेल्या २६ अँपिअर-तासांत तोच पंखा १३ तास चालेल.

छतावर सौर पॅनेल असले की ही बचत गौण ठरते, असा एक समज आहे. उन्हाळ्यात तो बऱ्याच अंशी खराही आहे. परंतु महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या काळात. तेव्हा दिवसचे दिवस ढग व धुके असते आणि पॅनेलमधून नाममात्र वीज येते. कासच्या फुलांचा बहर ऑगस्टच्या उत्तरार्धापासून असतो, म्हणजे पर्यटकांची गर्दी आणि सौर विजेची टंचाई एकाच वेळी येतात.

दुसरा लाभ तारांतला आहे. १ चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेतून ५ मीटर अंतरावर (जाऊन-येऊन १० मीटर) वरील ८ हॅलोजन दिव्यांचा ६.७ अँपिअर प्रवाह नेला, तर वाटेतच सुमारे १.२ व्होल्ट दाब खर्ची पडतो. तंतूच्या दिव्याचा दाब १० टक्क्यांनी उतरला की त्याचा उजेड जवळजवळ ३० टक्क्यांनी घटतो. शेवटचा दिवा मिणमिणतो तो यामुळे. एलईडी दिव्यांचा प्रवाह १.३ अँपिअर असल्याने त्याच तारेत जेमतेम पाव व्होल्टची घट होते आणि तारही तापत नाही. जुन्या वाहनांत वर्षानुवर्षे जोड देत वाढवलेले वायरिंग पाहता ही गोष्ट विजेच्या बचतीपेक्षाही महत्त्वाची म्हणावी लागेल. लाकडी पॅनेल, फोम व पडदे यांनी भरलेल्या बंद वाहनात तापलेला सैल जोड हे आगीचे एक मुख्य कारण असते, आणि हॅलोजनची काच स्वतःच इतकी तापते की पडदा टेकला तरी करपतो.

दिव्याची रचना

तांबड्या प्रकाशाचा व्यवहारोपयोगी एलईडी निक होलोन्याक यांनी १९६२ मध्ये अमेरिकेत तयार केला. पांढऱ्या प्रकाशासाठी निळ्या एलईडीची गरज होती, आणि तो साध्य होण्यास आणखी तीन दशके लागली. त्या कामासाठी इसामु अकासाकी, हिरोशी अमानो व शुजी नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आज मिळणाऱ्या पांढऱ्या दिव्यात निळा डायोड असून त्यावरील पिवळसर फॉस्फरच्या थरामुळे प्रकाश पांढरा दिसतो. भारतात ५ जानेवारी २०१५ रोजी सुरू झालेल्या उजाला योजनेमुळे एलईडी बल्ब घरोघरी पोहोचले. ते २३० व्होल्टचे असल्याने वाहनाच्या बॅटरीवर थेट चालत नाहीत.

इन्व्हर्टर लावून घरगुती बल्ब वाहनात वापरण्याची युक्ती पुष्कळांना सुचते. ती फारशी शहाणपणाची नाही. कोणताही दिवा न लावता केवळ चालू ठेवलेला इन्व्हर्टरच अनेकदा १० ते २० वॅट खातो, म्हणजे वरच्या उदाहरणातील सगळ्या एलईडी दिव्यांइतके. शिवाय वाहनाच्या हलत्या वायरिंगमध्ये २३० व्होल्टचा धोका विनाकारण आणला जातो.

वाहनासाठीच बनवलेल्या दिव्यांतही दोन जाती आहेत आणि किंमत पाहून त्या ओळखता येतातच असे नाही. स्वस्त दिव्यात तीन डायोड एकापाठोपाठ जोडून त्यांच्यासोबत एक साधा रोधक बसवलेला असतो. तीन डायोडना मिळून सुमारे ९ व्होल्ट लागतात. १२ व्होल्टच्या दाबाला रोधकावर ३ व्होल्ट उरतात. मात्र बॅटरी नावाला १२ व्होल्टची असते. पूर्ण भरलेली व निवांत असताना ती १२.६ व्होल्ट दाखवते, तर इंजिन चालू असून अल्टरनेटर चार्ज करीत असताना दाब १४.४ व्होल्टपर्यंत चढतो. तेव्हा रोधकावर ३ ऐवजी ५ व्होल्टहून अधिक पडतात आणि डायोडमधील प्रवाह दीडपट किंवा त्याहूनही जास्त होतो. दिवा अधिक लखलखीत दिसतो, तापतो आणि काही महिन्यांत एकेक डायोड विझत जातो. एलईडी टिकत नाहीत या तक्रारीमागे बहुधा हेच कारण असते.

दुसऱ्या जातीत स्थिर प्रवाह देणारे छोटे सर्किट, म्हणजे ड्रायव्हर, असते. अशा दिव्यावर १० ते ३० व्होल्ट असा विस्तृत पल्ला छापलेला असतो आणि या पल्ल्यात त्याचा उजेड बदलत नाही. कॅराव्हॅनसाठी हाच दिवा घ्यावा. त्याचा एक दोष म्हणजे निकृष्ट ड्रायव्हर रेडिओत खरखर निर्माण करतो. आकाशवाणीचे सांगली किंवा सातारा केंद्र लावून दिवा चालू-बंद करून पाहिल्यास हा दोष लगेच कळतो, म्हणून सर्व दिवे एकदम न घेता आधी एक आणून पाहणे इष्ट.

बदलण्याची रीत

नवा दिवा जुन्या होल्डरमध्ये बसला पाहिजे. छतावरील लांबट दिव्यात दोन्ही टोकांना टोप्या असलेला नळीसारखा फेस्टून बल्ब असतो. तो ३१, ३६ व ४१ मिलिमीटर लांबीत मिळतो आणि लांबी मोजूनच घ्यावा लागतो. काचेच्या चपट्या बुडाचा टी-१० बल्ब, दोन पिनांचा जी-४ हॅलोजन आणि दाबून फिरवायचा बीए-१५ जातीचा बल्ब हे अन्य प्रचलित प्रकार. तंतूच्या दिव्याला धन-ऋण टोके नसतात, एलईडीला असतात. त्यामुळे फेस्टून, टी-१० किंवा जी-४ दिवा लागला नाही तर तो खराब समजून फेकण्यापूर्वी उलटा फिरवून बसवावा. बीए-१५ ला ही सोय नाही. त्यासाठी दोन्ही दिशांनी चालणारा दिवा मागून घ्यावा.

काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीचे ऋण टोक सोडवतात. होल्डरच्या पत्र्यांवर हिरवट गंज असेल तर तो बारीक पॉलिश पेपरने घासून काढणे आवश्यक असते. पश्चिमेकडील दमट पट्ट्यात फिरणाऱ्या वाहनांत हा गंज हमखास आढळतो, आणि अल्प प्रवाहावर चालणारा एलईडी खराब स्पर्शामुळे लुकलुकतो. त्या मंडलाचा फ्यूज पूर्वीच्या भारासाठी निवडलेला असतो. तार न बदलता मोठा फ्यूज घालू नये. लहान घालणे मात्र योग्य व अधिक सुरक्षित. बंद केलेला दिवा अंधारात मंद पेटलेला दिसल्यास स्वीचमधील निर्देशक दिव्यातून झिरपणारा अल्प प्रवाह त्याला कारण असतो. त्याने दिवा बिघडत नाही. जुन्या मंदकाशी (डिमर) मात्र प्रत्येक एलईडी जुळतोच असे नाही.

काढलेल्या ट्यूबमध्ये पारा असतो. ती वाहनात फुटल्यास दारे-खिडक्या उघडून काही वेळ बाहेर थांबावे, आणि निकामी ट्यूब ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नये.

२४ व्होल्टची वाहने

व्हॅन व टेंपोंमध्ये सामान्यतः १२ व्होल्टची, तर ट्रक व बसमध्ये २४ व्होल्टची योजना असते. २४ व्होल्ट हे १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापाठोपाठ जोडून मिळवलेले असतात. बाजारात १२ व्होल्टच्या एलईडी पट्ट्या सहज मिळतात, त्यामुळे ट्रकमध्ये दोहोंपैकी एकाच बॅटरीवरून तार काढून पट्टी लावण्याचा मोह होतो. दिवे लागतात, पण ती एक बॅटरी रोज थोडी अधिक रिकामी होते. अल्टरनेटर दोघींना एकत्रच चार्ज करीत असल्याने एक अर्धपोटी राहते व दुसरी मर्यादेबाहेर भरली जाते. कालांतराने दोन्ही निकामी होतात. पंधरा-वीस दिवस रोज रात्री दिवे जाळणाऱ्या दिंडीच्या ट्रकला हा खर्च परवडणारा नाही. २४ व्होल्टची पट्टी किंवा २४ वरून १२ व्होल्ट करणारा कन्व्हर्टर हाच यावरचा उपाय.

लहान कॅराव्हॅनमध्ये मुक्कामासाठी वेगळी बॅटरी व ती इंजिन चालू असतानाच मुख्य बॅटरीला जोडणारा रिले असणे उत्तम. ती सोय नसेल, तर एलईडी बसवूनही रात्रभर दिवे जाळणे धोक्याचेच.

प्रकाशाचा रंग

प्रकाशाची रंगछटा केल्व्हिनमध्ये सांगतात. २७०० ते ३००० केल्व्हिनचा प्रकाश जुन्या बल्बसारखा पिवळसर, तर ६५०० केल्व्हिनचा निळसर पांढरा. वाहनांच्या सुट्या भागांच्या दुकानांत निळसर दिवेच अधिक असतात, कारण ते जास्त प्रखर भासतात. ओट्यावर भाजी चिरताना तो प्रकाश चालतो. झोपण्याच्या जागी तो डोळ्यांना टोचतो. शिवाय निळसर प्रकाशाकडे कीटक अधिक ओढले जातात, हे पावसाळ्यात दार उघडे ठेवणाऱ्याच्या लगेच ध्यानात येते. कोयना अभयारण्य व चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. या जंगलांच्या कडेला उभ्या वाहनातून बाहेर सांडणारा पांढरा झोत निशाचर प्राण्यांनाही उपद्रव देतो. पिवळसर दिवे आणि खिडक्यांचे पडदे हा साधा तोडगा आहे.

हवामानाचा परिणाम

एलईडी उष्णता कमी निर्माण करतो, पण सोसतोही कमी. माण, खटाव, आटपाडी, जत या कोरड्या तालुक्यांत मे महिन्याच्या दुपारी बंद वाहनाचे छत फार तापते, आणि छताला चिकटवलेल्या पट्टीची उष्णता बाहेर जाण्यास वाट नसते. प्लायवुडवर थेट चिकटवण्याऐवजी पट्टी ॲल्युमिनियमच्या पन्हळीत बसवल्यास ती अधिक टिकते. उलट महाबळेश्वर-कोयनेकडे उष्णतेपेक्षा ओल घात करते. तेथे स्वयंपाकाच्या ओट्यावर व स्वच्छतागृहात सिलिकॉनचे आवरण असलेली पट्टी घ्यावी लागते.

कायदेशीर बाजू

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार वाहनाच्या नोंदणी प्रमाणपत्रातील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल परस्पर करता येत नाही. आतील दिव्याचा केवळ बल्ब बदलल्याने असा कोणताही तपशील बदलत नाही. बाहेरील दिव्यांना मात्र केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ लागू होतात. हेडलाइट, ब्रेकचा दिवा व दिशादर्शक यांत मनाप्रमाणे एलईडी घालणे हा या लेखातील बदलाचा भाग नव्हे. वॉरंटीतील वाहनाचे मूळ वायरिंग कापून पट्ट्या जोडल्यास वॉरंटी नाकारली जाऊ शकते. होल्डरमध्ये बसणारे दिवे निवडले तर वायरिंगला हात लावावा लागत नाही, आणि वाहन विकताना जुने बल्ब पुन्हा बसवता येतात.