खाण, गिरणी आणि शाळा — लेखांक सहावा : बर्नली

गेल्या लेखांकात लँकेशायर परगण्यातील प्राथमिक शाळांचा उगम आपण पाहिला. आता त्याच परगण्यातील बर्नली या गावाकडे वळावयाचे. कारण विसाव्या शतकाच्या आरंभी सुमारे एक लाख मागांवर कापड विणणाऱ्या आणि गिरण्यांच्या बॉयलरांना लागणारा कोळसा आपल्याच भूमीतून काढणाऱ्या या गावात, मुलाने शाळा कोणत्या वयात सोडावी हा प्रश्न शिक्षणखात्याच्या दफ्तरापेक्षा गिरणीच्या हजेरीपटावरच अधिक काळ सुटत राहिला.

ग्रामर स्कूल येथे 1559 पासून होते. परंतु विणकराच्या मुलाच्या वाट्याला आली ती अर्धवेळाची व्यवस्था. 1844 च्या कायद्याने आठ वर्षांवरील मुलास अर्धा दिवस गिरणीत आणि अर्धा दिवस शाळेत घालविण्याची मुभा दिली. ती वयोमर्यादा चढत चढत 1901 मध्ये बारावर आली, तरी पहाटे सहाला साच्यापाशी उभे राहिलेले मूल दुपारी वर्गात पेंगतच असे. (आमच्या मुंबईच्या गिरण्यांत 1891 च्या कायद्याने नऊ ते चौदा वर्षांच्या मुलांचे काम सात तासांवर आणले, पण शाळेची अट त्यात नव्हती.) 1909 साली इंग्लंडातील ही मर्यादा तेरावर न्यावी काय, असा कौल लँकेशायरच्या सूतकापड कामगारांच्या संघटनांनी घेतला, तेव्हा सभासदांनी प्रचंड बहुमताने नकार दिला. त्याबद्दल त्यांना दोष देणे मला अन्यायाचे वाटते. ज्या घराचा चरितार्थ विणलेल्या नगावर मिळणाऱ्या मजुरीवर चाले, तेथे मुलाचे चार शिलिंगही चुलीशी निगडित असत. अखेर 1918 च्या फिशर शिक्षण कायद्याने ही प्रथा मोडण्याची तरतूद केली आणि 1921 मध्ये ती अंमलात आली.

पुढे शाळा सोडण्याचे वय 1947 मध्ये पंधरा व 1972 मध्ये सोळा झाले; पण त्याच काळात, सोळाव्या वर्षी ज्या दारांतून कामावर जावयाचे, ती दारे एकामागून एक बंद होत गेली. गावाजवळच्या हॅप्टन व्हॅली या कोळसाखाणीत 22 मार्च 1962 रोजी झालेल्या स्फोटात 19 माणसे गेली, आणि 1982 मध्ये ती खाणही बंद पडली.

2006 मध्ये गावातील आठ माध्यमिक शाळा मोडून पाच नव्या उभारण्यात आल्या. त्यांपैकी एकीला सर जॉन थर्सबी या कोळसाखाणींच्या मालकाचे नाव मिळाले. हॅमल्डन नावाची दुसरी मात्र विद्यार्थिसंख्या घटल्यामुळे 2019 मध्ये बंद करावी लागली.

परंतु मला सर्वांत अधिक विचार करावासा वाटतो तो 2013 च्या प्रयोगाचा. कालव्याकाठच्या व्हिक्टोरिया मिल या जुन्या गिरणीचा जीर्णोद्धार करून, चौदा ते एकोणीस वर्षांच्या मुलांसाठी अभियांत्रिकी व बांधकाम शिकविणारी शाळा तेथे काढण्यात आली. हेतू निःसंशय उदात्त होता. परंतु इंग्लंडात मूल अकराव्या वर्षी माध्यमिक शाळेत जाते व सोळाव्या वर्षी परीक्षा देते, आणि या दोहोंच्या मध्येच, मित्र व शिक्षक सोडून, एका धंद्याकडे वळण्यास त्यास सांगावयाचे, हे पालकांना पटण्यासारखे नव्हते. आपले विद्यार्थी दुसरीकडे धाडण्यात जुन्या शाळांचेही हित नव्हते. पुरेशी मुले आलीच नाहीत, आणि 2016 मध्ये शाळा बंद झाली.