बॅजिओला 'नाही' म्हणणारा कोच

युरोपातल्या पाचही मोठ्या लीग जिंकणारा पहिला कोच, नावावर पाच चॅम्पियन्स लीग. कार्लो अँचेलॉटीची ही यादी कुठेही सापडते. पण तो घडला कसा, हे समजून घ्यायचं असेल तर त्याच्या एका चुकीपासून सुरुवात करावी लागते.

मे २०२२. रात्रीचे अडीच वाजून गेलेले. हॉस्टेलच्या खोलीत एका लॅपटॉपभोवती आम्ही पाच जणी बसलो होतो. रिअल माद्रिद विरुद्ध मँचेस्टर सिटी, चॅम्पियन्स लीगची सेमीफायनल. नव्वदाव्या मिनिटापर्यंत माद्रिद बाहेर गेल्यात जमा होतं. मग बदली खेळाडू म्हणून आलेल्या रॉड्रिगोने दोन मिनिटांत दोन गोल मारले आणि मॅच एक्स्ट्रा टाइममध्ये गेली. आमचं ओरडणं ऐकून रेक्टर मॅडम वर येणार, हे नक्की होतं.

तेवढ्यात कॅमेरा साइडलाइनकडे वळला. ६२ वर्षांचा कोच बाहेर बसलेल्या टोनी क्रूस आणि मार्सेलो या आपल्याच खेळाडूंशी चर्चा करत होता. पुढचे बदल काय करायचे, यावर सल्लामसलत चालली होती. माझी रूममेट म्हणाली, "अगं, याला स्वतःला माहीत नाही का काय करायचं?"

तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. नंतर अँचेलॉटीबद्दल वाचत गेले तसं कळलं, की एके काळी त्याला सगळं 'माहीत' होतं. आणि तेच त्याला महागात पडलं.

चीजच्या गावचा मुलगा

कार्लोचा जन्म १० जून १९५९ चा. इटलीच्या उत्तर भागातलं रेज्जोलो हे त्याचं गाव. वडील शेतकरी. घरच्या गाईंचं दूध जायचं ते पार्मेझान चीजसाठी. हे चीज तयार व्हायला किमान एक वर्ष मुरावं लागतं, त्यामुळे वाट बघणं त्या भागातल्या माणसांच्या अंगातच असतं. पुढे मैदानाच्या कडेला एक भुवई वर करून, च्युइंगम चघळत शांत उभा असलेला जो अँचेलॉटी आपण बघतो, त्याचं मूळ बहुतेक इथंच असावं.

पार्मा क्लबकडून तो खेळायला लागला तेव्हा टीम तिसऱ्या श्रेणीत होती. १९७९ मध्ये वर जाण्यासाठीच्या निर्णायक मॅचमध्ये या वीस वर्षांच्या मिडफिल्डरने दोन गोल केले आणि त्याच वर्षी रोमाने त्याला उचललं. १९८३ मध्ये रोमासोबत त्याने इटलीची लीग जिंकली. पण गुडघ्यांनी साथ दिली नाही. दुखापतीमुळे १९८२ चा वर्ल्ड कप हुकला, आणि नेमका तो इटलीने जिंकला. १९८४ ची युरोपियन कपची फायनल तर रोमच्याच मैदानावर होती. रोमा ती लिव्हरपूलकडून पेनल्टीवर हरली आणि जखमी कार्लो तीही खेळू शकला नाही.

साकी सरांचा विद्यार्थी

१९८७ मध्ये तो एसी मिलानमध्ये आला. कोच होता अरिगो साकी. साकी स्वतः कधी प्रोफेशनल फुटबॉल खेळला नव्हता, पण त्याच्या डोक्यात खेळाचं एक पक्कं गणित होतं. चार डिफेंडर, चार मिडफिल्डर, दोन फॉरवर्ड. सगळी टीम एकत्र पुढे सरकणार, एकत्र मागे येणार, बॉल गेला की सगळे मिळून तो परत मिळवणार. या ४-४-२ च्या मध्यभागी त्याला डोक्याने खेळणारा माणूस हवा होता. कार्लोच्या गुडघ्यांबद्दल क्लबमध्ये शंका होत्या, तरी साकीने आग्रह धरला.

तो आग्रह बरोबर ठरला. एप्रिल १९८९ मध्ये मिलानने रिअल माद्रिदला ५-० ने धुतलं, त्यातला पहिला गोल अँचेलॉटीने लांबून मारलेला होता. त्या टीममध्ये गुलिट, व्हॅन बास्टन, रायकार्ड असे स्टार्स होते. मिलानने १९८९ आणि १९९० असे लागोपाठ दोन युरोपियन कप जिंकले. १९९२ मध्ये अँचेलॉटीने बूट काढून ठेवले, तेव्हा त्याच्या नावावर इटलीकडून २६ मॅचेस होत्या.

मग साकी इटलीचा कोच झाला आणि अँचेलॉटी त्याचा असिस्टंट. १९९४ च्या वर्ल्ड कपमध्ये इटलीला जवळजवळ एकट्याच्या बळावर फायनलपर्यंत नेलं रॉबर्टो बॅजिओने, आणि फायनलमध्ये शेवटची पेनल्टी बारवरून मारून चुकवली तीही त्यानेच. कमरेवर हात, मान खाली, असा उभा असलेला बॅजिओ फुटबॉल न बघणाऱ्यांनीही कुठेतरी फोटोत बघितलेला असतो. अँचेलॉटी त्या दिवशी इटलीच्या बेंचवर होता. बॅजिओ काय चीज आहे, हे त्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

'माझ्या सिस्टीममध्ये बसत नाही'

आता येतो तो निर्णय. १९९५-९६ मध्ये रेज्जाना या टीमला पहिल्या श्रेणीत नेऊन अँचेलॉटी आपल्या जुन्या पार्माचा कोच झाला. वय ३७. सोबत काय होतं, तर साकी सरांचं ४-४-२, जसंच्या तसं.

टीममध्ये जियानफ्रँको झोला होता. दोन फॉरवर्डच्या मागे मोकळं फिरणारा कलाकार. पण ४-४-२ मध्ये अशा माणसाला जागाच नसते. अँचेलॉटीने त्याला डाव्या कडेला ढकललं. झोला वैतागला आणि नोव्हेंबर १९९६ मध्ये चेल्सीला निघून गेला. तिथे तो अजूनही क्लबच्या सर्वांत लाडक्या खेळाडूंपैकी एक मानला जातो.

तरी त्या मोसमात पार्मा दुसऱ्या क्रमांकावर आली, युव्हेंटसपेक्षा फक्त दोन पॉइंट्स मागे. म्हणजे सिस्टीम बरोबरच होती, असं कुणालाही वाटेल. अँचेलॉटीलाही वाटलं.

१९९७ च्या उन्हाळ्यात बॅजिओ पार्मात यायच्या बेतात होता. त्याला फॉरवर्डच्या मागे खेळायचं होतं. अँचेलॉटी म्हणाला, माझ्याकडे ती जागा नाही, खेळायचं तर स्ट्रायकर म्हणून खेळ. व्यवहार फिसकटला. बॅजिओ बोलोन्याला गेला, त्या मोसमात लीगमध्ये २२ गोल केले आणि १९९८ च्या वर्ल्ड कपच्या टीममध्ये परत आला. पार्मा त्या वर्षी पहिल्या चारातही नव्हती, आणि मोसम संपल्यावर अँचेलॉटीही पार्मात नव्हता.

पुढे त्याने हे मोकळेपणाने मान्य केलं, की ती चूक होती. तो तेव्हा कोच म्हणून नवखा होता, आणि जे येतं त्याच्या बाहेर जाऊन बघायची त्याला भीती वाटत होती. मला हे फार खरं वाटतं. आपण ज्याला 'माझी पद्धत' म्हणतो, ती बऱ्याचदा आपली भीतीच असते.

झिदानसाठी मोडलेला नियम

१९९९ मध्ये तो युव्हेंटसचा कोच झाला. स्वागत भयंकर झालं. तो पूर्वी युव्हेंटसच्या कट्टर विरोधकांकडून खेळलेला, त्यामुळे डुक्कर कोच होऊ शकत नाही, अशा अर्थाची घोषणा फॅन्सनी त्याच्यासाठी तयार ठेवली होती. पण या टीममध्ये झिनेदिन झिदान होता. त्याला कडेला ढकलणार? या वेळी अँचेलॉटीने माणूस तसाच ठेवला आणि सिस्टीम बदलली. झिदान फॉरवर्डच्या मागे मोकळा खेळला.

ट्रॉफी मात्र आली नाही. २००० मध्ये लीगच्या शेवटच्या दिवशी पेरुजात एवढा पाऊस पडला की मॅच तासाभराहून जास्त थांबली. पुन्हा सुरू झाल्यावर युव्हेंटस १-० ने हरली आणि एका पॉइंटने विजेतेपद गेलं. पुढच्या वर्षी परत दुसरा नंबर. क्लबने त्याला काढलं.

म्हणजे बघा, हट्ट धरला तेव्हा दुसरा नंबर, हट्ट सोडला तेव्हाही दुसराच नंबर! इथे एखादा माणूस परत जुन्या नियमांकडे पळाला असता. अँचेलॉटी पळाला नाही.

पिर्लो नावाचं उत्तर

नोव्हेंबर २००१ मध्ये तो मिलानमध्ये परतला, या वेळी कोच म्हणून. इथे प्रश्न उलटा होता. फॉरवर्डच्या मागे खेळू शकणारे खूप होते आणि जागा एक. त्यात आंद्रेआ पिर्लो हा मुलगा बेंचवरच राहायचा. त्याआधी ब्रेशा क्लबमध्ये लोनवर असताना पिर्लोला कोच कार्लो माझ्झोने यांनी मागे, डिफेंडरच्या पुढ्यात खेळवलं होतं, कारण पुढची त्याची नेहमीची जागा आधीच भरलेली होती. कुणी भरली होती? रॉबर्टो बॅजिओने!

मिलानमध्ये अँचेलॉटीने पिर्लोला तीच मागची जागा कायमची दिली. धावपळ आणि टॅकल करायला बाजूला गट्टूसो, पुढे सीडॉर्फ आणि रुई कोस्टा, आणि मागून सगळ्यांना बॉल पुरवणारा पिर्लो. तिघा-चौघा कलाकारांना एकाच टीममध्ये बसवता येत नाही, असं मानणारा माणूस आता नेमकं तेच करत होता. २००३ च्या चॅम्पियन्स लीग फायनलमध्ये मिलानने पेनल्टीवर हरवलं ते युव्हेंटसलाच.

मग २००५, इस्तंबूल. लिव्हरपूलविरुद्ध हाफटाइमला ३-०. दुसऱ्या हाफमध्ये सहा मिनिटांत तीन गोल खाल्ले आणि पेनल्टीवर फायनल गेली. दोन वर्षांनी अथेन्समध्ये समोर पुन्हा लिव्हरपूल. या वेळी मिलान २-१. पण इस्तंबूलचा विषय निघाला की मिलानचे फॅन्स आजही गप्प होतात.

नारळ मिळण्याचा अनुभव

चेल्सीत पहिल्याच वर्षी त्याने लीग आणि एफए कप दोन्ही जिंकले, लीगमध्ये १०३ गोल. पुढच्या वर्षी दुसरा नंबर आला आणि मोसमाच्या शेवटच्या मॅचनंतर, प्रतिस्पर्ध्याच्या स्टेडियममध्येच, त्याला नारळ मिळाला. पॅरिसमध्ये लीग जिंकली. माद्रिदला २०१४ मध्ये बहुप्रतीक्षित दहावा युरोपियन कप मिळवून दिला, वर्षभराने तिथूनही काढलं. बायर्नसोबत बुंडेसलिगा जिंकली, आणि पुढच्याच मोसमात सप्टेंबरमध्ये बाहेर. नेपोलीने तर कमाल केली. टीम ४-० ने जिंकून चॅम्पियन्स लीगच्या बाद फेरीत गेली आणि त्याच रात्री कोचला घरी पाठवलं.

प्लेसमेंटच्या एका रिजेक्शन मेलनंतर दोन दिवस न जेवणाऱ्या आमच्या बॅचने ही यादी वाचायला हवी.

२०२१ मध्ये एव्हर्टनला असताना माद्रिदने त्याला परत बोलावलं. २०२२ मध्ये त्याने लीग आणि चॅम्पियन्स लीग जिंकली. २०२३-२४ ची गोष्ट तर अभ्यासाला लावावी अशी आहे. बेन्झेमा क्लब सोडून गेलेला, मुख्य गोलकीपर कोर्टुआ आणि डिफेंडर मिलिटाओ मोसमाच्या सुरुवातीलाच गुडघ्याच्या दुखापतीने बाहेर. अँचेलॉटीने नवीन आलेल्या ज्यूड बेलिंगहॅमला व्हिनिसियस आणि रॉड्रिगोच्या मागे मोकळं सोडलं. या मिडफिल्डरने लीगमध्ये १९ गोल केले. फॉरवर्डच्या मागची मोकळी जागा म्हणजे १९९७ मध्ये बॅजिओने मागितलेली जागा! माद्रिदने पुन्हा लीग आणि चॅम्पियन्स लीग दोन्ही जिंकल्या.

हे सगळं दर वेळी जमतंच असं नाही. पुढच्या मोसमात एम्बापे आल्यावर एवढ्या स्टार्सना एकत्र बसवणं त्यालाही जमलं नाही. आर्सेनलने चॅम्पियन्स लीगमधून बाहेर काढलं, बार्सिलोनाने एका मोसमात चार वेळा हरवलं. मे २०२५ मध्ये तो माद्रिद सोडून ब्राझीलचा कोच झाला. शिकलेला धडा म्हणजे प्रत्येक पेपरचं उत्तर नसतं, एवढं यातून कळतं.

आणि आमची डॉक्युमेंटरी

हे सगळं लिहायचं एक कारण आहे. शेवटच्या वर्षाला आमच्या ग्रुपची डॉक्युमेंटरी होती आणि डायरेक्टर मी. वर्गातल्या एका मुलीचा कॅमेऱ्यावर जबरदस्त हात होता. तिचं म्हणणं, निवेदन काढून टाकू, माणसांनाच बोलू दे. निवेदन मी लिहिलेलं. मी म्हटलं, "स्क्रिप्ट फायनल आहे. यात बसत असेल तर ये." ती दुसऱ्या ग्रुपमध्ये गेली. त्यांची फिल्म वर्गात पहिली आली. आमची कितवी आली ते सोडा.

कित्येक महिने मी सांगत राहिले, की परीक्षकांना आमचा विषय कळला नाही. बॅजिओचा किस्सा वाचला त्या दिवशी ते सांगणं बंद केलं. आणि रूममेटच्या त्या रात्रीच्या प्रश्नाचं उत्तरही मिळालं. त्याला माहीत असतं गं. पण समोरच्याला त्याच्याहून जास्त माहीत असू शकतं, हेही त्याला माहीत असतं.

या लेखाचा पहिला ड्राफ्ट मी त्या कॅमेरावाल्या मैत्रिणीला पाठवला. तिने सांगितलं, "सुरुवातीचे दोन परिच्छेद उडव, नुसतं निवेदन आहे."

उडवले.