अतिसममित प्रतिकृतींमधील हिग्ज क्षेत्र आणि सीपी-भंग

विश्वात द्रव्य उरले आणि प्रतिद्रव्य जवळजवळ नाहीसे झाले, हे कसे? १९६७ मध्ये आंद्रेई साखारोव्ह यांनी यासाठी ज्या तीन अटी सांगितल्या, त्यांतील एक सीपी-भंगाची आहे. कणाच्या जागी प्रतिकण ठेवून डावे-उजवेही आरशाप्रमाणे उलटविले, तरी निसर्गनियम बदलत नाहीत, ही सीपी-सममिती होय. १९६४ मध्ये क्रोनिन व फिच यांना दीर्घायुषी के-मेसॉनच्या विघटनात, हजारात सुमारे दोन वेळा, ती मोडलेली आढळली. कोबायाशी व मास्कावा (१९७३) यांनी सुचविलेल्या कलाकोनाने या भंगाचा उलगडा होतो. द्रव्याच्या आधिक्याचा मात्र होत नाही. म्हणून अन्य उगमाचा शोध अपरिहार्य ठरतो.

प्रमाणित प्रतिकृतीत हिग्ज कण एकच आहे. किमान अतिसममित प्रतिकृतीत दोन हिग्ज द्विके लागतात व पाच कण संभवतात : दोन विद्युतभारित आणि तीन उदासीन. उदासीनांपैकी दोन सीपी-सम, तर एक सीपी-विषम असतो. गंमत अशी की, प्राथमिक गणितात येथे सीपी-भंगाला जागाच नाही. अतिसममिती हिग्ज विभवातील चतुर्घाती सहगुणकांना गेज जोडणींशी बांधून ठेवते आणि उरलेला एकमेव कलाकोन क्षेत्रांच्या पुनर्व्याख्येने काढून टाकता येतो. भंग शिरतो तो मागील दाराने, म्हणजे पुंज-दुरुस्त्यांतून. टॉप क्वार्कचा अतिसममित जोडीदार 'स्टॉप' याच्या जोडणीतील कलाकोन शून्य नसेल, तर तिन्ही उदासीन कण परस्परांत मिसळतात. सम-विषम ही ओळखच पुसली जाते. १९९८ मध्ये अपोस्टोलोस पिलाफ्टसिस यांनी हे दाखविले. अशा मिश्रणात सर्वांत हलक्या हिग्जची झेड-बोसॉनशी जोडणी इतकी क्षीण होऊ शकते की, तो जुन्या 'लेप' त्वरकाच्या नजरेतून निसटला असता. पुण्यात जन्मलेल्या रोहिणी गोडबोले (१९५२–२०२४) यांनी हिग्जच्या सीपी-गुणांची त्वरकावर पारख कशी करावी, यावर महत्त्वाचे काम केले.

या कल्पनेवर सर्वांत कठोर अंकुश मात्र त्वरकाबाहेरून येतो. इलेक्ट्रॉनचा विद्युत द्विध्रुव आघूर्ण ४.१ गुणिले १० चा उणे ३० वा घात (इलेक्ट्रॉनभार-सेंटिमीटर) याहून कमी असल्याचे २०२३ मध्ये निश्चित झाले. मोठे कलाकोन त्यामुळे बहुतांशी अडचणीत आले आहेत. २०१२ मध्ये सापडलेल्या १२५ गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या हिग्जविषयी 'अ‍ॅटलास' व 'सीएमएस' गटांनी २०२० मध्ये टॉपशी निव्वळ सीपी-विषम जोडणीची शक्यता तीन सिग्मांहून अधिक खात्रीने फेटाळली. अल्प मिश्रणाची शक्यता मात्र तिने मिटलेली नाही, आणि स्टॉप अद्याप दिसलेला नाही.