न उतरलेले वृषण

पारनेर-संगमनेरच्या माळावर मेंढ्या राखणारा कुत्रा असो की सावेडीतल्या बंगल्यातला लॅब्राडोर, नर पिल्लू दोन महिन्यांचे झाले की दोन्ही वृषण खाली पिशवीत हाताला लागायला हवीत. सहा महिन्यांनंतरही एकच लागत असेल, तर दुसरे पोटात किंवा जांघेत अडकलेले असते.

पोटातल्या उष्णतेत शुक्राणू तयार होत नाहीत, पण त्या वृषणातल्या सर्टोली पेशी (शुक्राणूंना पोसणाऱ्या पेशी) जिवंत राहतात आणि त्यांच्यापासून गाठ होऊ शकते. अशा वृषणात गाठीचा धोका नेहमीपेक्षा दहापटीहून अधिक असतो. काही गाठी इस्ट्रोजेन हे मादीचे संप्रेरक सोडतात. मग दोन्ही कुशींचे केस सारखेच झडतात, नराचे स्तन सुजतात, इतर नर त्याच्यामागे लागतात. मालक खरूज समजून मलम लावत बसतो, हे मला फार खुपते. कारण तेच इस्ट्रोजेन अस्थिमज्जा दाबून टाकते. रक्त कमी होते, रक्तस्राव थांबत नाही आणि तेव्हा जीव वाचवणे कठीण असते.

उपाय एकच: तरुणपणीच दोन्ही वृषण काढणे. हा दोष आनुवंशिक आहे, म्हणून अशा नरापासून पैदास करू नये. तालुक्याच्या दवाखान्यात पोटाच्या शस्त्रक्रियेची सोय नसेल, तर शिरवळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय गाठावे.